सांध्यावरचा अंगठा

चुन्याचा तुकडा तळहातावर मावेल एवढाच होता, कडेला तुटलेला, वरून काळपट आणि आतून अजून पांढरा, आणि त्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता — रुंद, खोल, नखाच्या जागी उभी चीर असलेला — आणि रंगनाथला आधी वाटलं की ही चीर चुन्यालाच पडली असेल, उन्हाने पडते तशी. मग त्याने फुंकर मारून धूळ उडवली, तेव्हा चीर चुन्याची नव्हती, नखाची होती. मामांच्या डाव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं. खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटाखाली लहानपणी दगड पडला होता, असं ते सांगत. कधी सांगत, विहिरीचं बांधकाम होतं. दगड कुठला ते शेवटपर्यंत ठरलं नाही, नख मात्र दुभंगलेलं होतं.

मामा म्हणजे कानिफनाथ गवंडी, त्याचे सासरे आणि त्याला हातात थापी धरायला शिकवणारे. जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आणि हा तुकडा आत्ता, वैशाखातल्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, छिन्नीच्या तिसऱ्या घावाला सुटून त्याच्या मांडीवर पडला होता, जणू कुणी वाट पाहून पाहून हातात दिला असावा.

खाली त्याची बायको चांगुणा चुना मळत होती. फावडं दगडी फरशीवर घासल्याचा आवाज, मग चुना पलटल्याचा जड आवाज, मग पुन्हा घासल्याचा. तिला इथून तो दिसत नव्हता आणि त्याला ती दिसत नव्हती. मधे उतरतं छप्पर होतं. तुकडा त्याने मुठीत धरला. का धरला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सावेडी रस्त्याच्या आतल्या अंगाला हा बंगला, आणि बंगल्याच्या मागच्या बाजूला ही एक खोली, जुन्या भिंतीला टेकवून बांधलेली. भिंत कुठल्याशा जुन्या बागेची — बाग गेली, पाणी गेलं, हात-सव्वा हात जाडीची भिंत तेवढी राहिली — आणि त्या भिंतीच्या आधाराने कुणा गोऱ्या साहेबाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी खोली काढली आणि तिच्यावर पाटीच्या दगडाचं छप्पर घातलं. शाळेत मुलांच्या हातात असते तीच पाटी, काळी, पातळ, तांब्याच्या चुकांनी, बारीक खिळ्यांनी, एकावर एक मारलेली. नगरात असली छपरं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. पाटी फुटत नाही, गंजत नाही, गळत नाही. गळतं ते जिथे छप्पर संपतं आणि भिंत सुरू होते तिथे, त्या सांध्यात. नवीन माणूस आणि जुनी भिंत यांना एकमेकांत बसवणं सगळ्यांत कठीण, असं मामा म्हणायचे, आणि जावयाकडे बघून मिशीत हसायचे. तेव्हा ते हसत असत.

सकाळी दमयंतीबाईंनी खोली उघडून दाखवली होती. यजमान वकीलसाहेब गेल्यापासून बंगल्यात त्या एकट्याच राहतात. साहेबांची पुस्तकांची कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली, वर जुनी मेणकापडं. दोन वर्षं पाऊस नाही, म्हणून दोन वर्षं खोली गळली नाही, एवढाच दुष्काळाचा फायदा, असं त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या बोलण्याची लाज वाटल्यासारखं दुसरीकडे बघू लागल्या. भिंतीचा गिलावा माणसाच्या उंचीएवढा गळून पडला होता. तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं होतं. त्याने छिन्नी लावली तर ती ओल्या भाकरीत जावी तशी आत गेली. मग दमयंतीबाई म्हणाल्या — रागाने नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तशा — "कानिफनाथांचे डोळे गेले आणि या खोलीला गळती लागली, ती लागलीच बघ, रंगनाथ. एवढा चांगला गवंडी."

चांगुणा मागे घमेलं घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली होती.

कानिफनाथांचे डोळे गेले. हे वाक्य आता या घराच्या भिंतीत बसलेलं आहे, चौकटीसारखं, दमयंतीबाईंना कुणी विचारलं की त्या तेच सांगतात, नालेगावात माझ्या घरी तेच, खर्ड्याला भावकीत तेच. कुणी सांगितलं पहिल्यांदा, हे कुणाला आठवत नाही. मला, रंगनाथला, आठवतं. मीच सांगितलं.

त्याने मूठ उघडून तुकडा बंडीच्या खिशात टाकला आणि सांधा पुढे उघडू लागला. अठरा वर्षांपूर्वी मामांनी हा सांधा नव्याने बांधला, तेव्हापासून त्याने तो कधी उघडला नव्हता. तीन-चार वर्षांनी बाई बोलावत, तो येई, गरम डांबर ओती, वरून सिमेंटचा हात फिरवी, आणि पावसाळ्यात पुन्हा निरोप येई. आत काय आहे ते बघायला पाहिजे, असं दर वेळी मनात यायचं आणि दर वेळी काही तरी निघायचं — वेळ नाही, ऊन झालं, पाट्या हलवल्या तर फुटतील. वर, भिंतीच्या माथ्यावर, तर तो त्यानंतर एकदाही चढला नव्हता. छपरापासून माथा अवघा चार हात. चढायला काहीच अवघड नव्हतं.

या वेळी तुळई कुजली म्हणून उघडणं भाग होतं. शिवाय काम सोडवत नव्हतं. सव्वा वर्ष तो आणि चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडत होते; गवंडी असून दगड नुसता फोडायचा, बसवायचा नाही, याने त्याचे हात आतून रुसल्यासारखे झाले होते. काल निरोप आला तेव्हा त्याने थापी घासून पुसून ठेवली होती. चांगुणाने चुना विझवायला पाणी कुठलं, ते विचारलं. बाईंनी पिंपभर पाणी साठवून ठेवलं होतं, न्हाणीतलं, साबणाचं नाही तेवढं वेगळं काढून. वय पासष्टच्या पुढे आणि रोज तांब्या-तांब्या पाणी मागे ठेवायचं, एका खोलीसाठी… त्यांना ही खोली कोरडी झालेली बघायची आहे, एवढंच.

चुना निघाला. त्याखाली शिशाचा पत्रा. पत्र्याची वरची कड भिंतीत खाच मारून आत दुमडलेली, खालची कड पाट्यांवर चार बोटं आलेली, आणि कुठे म्हणजे कुठे उघडी जागा नाही. त्याने बोट फिरवलं. हाताने दाबून दाबून बसवलेला पत्रा, हातोडीची एक खूण नाही. पत्र्याखालच्या पट्ट्या कोरड्या खडखडीत, लाकडाला अजून वास होता. दोन वर्षांचा कोरडेपणा नव्हता तो. हे लाकूड कधी भिजलंच नव्हतं.

तो उकिडवा बसला होता तो खाली बसला. पाट्या तापल्या होत्या, मांड्यांना चटका बसत होता, तरी उठला नाही.

मामांचे डोळे गेले होते, हे खोटं नव्हतं. त्या वर्षी त्यांना ओळंब्याची दोरी दिसत नसे. ते ती बोटाने चाचपत. काम संपलं की सांध्याच्या शेवटाला अंगठा दाबत, ही त्यांची जुनी सवय — चुना किती आवळलाय ते अंगठ्याला कळतं, थापीला कळत नाही — पण त्या वर्षी ते सगळा सांधाच अंगठ्याने चाचपत गेले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुडघ्यांवर, आणि मी भिंतीच्या माथ्यावर उभा राहून ते बघत होतो आणि मला त्यांची कीव येत होती. अठ्ठावीस वर्षांचा होतो. कीव लवकर यायची.

माथ्यावर… तो आता उठला आणि त्याने पहिल्यांदा वर बघितलं.

पत्र्याच्या मागे भिंतीच्या दगडांवर पांढरे ओघळ होते, लोणा धरलेले. ते सांध्यापासून सुरू होत नव्हते. ते वरून येत होते. त्याने दगडांमधल्या खाचेत पाय रोवला, दगडाला धरलं आणि छाती माथ्यावर टेकवली. आणि तिथे, उन्हात, करड्या रंगाचा, हाताएवढ्या रुंदीचा, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला सिमेंटचा थर होता. कडेला खिळ्याने कोरलेलं साल अजून वाचता येत होतं. १९५५. थर जागोजाग उठला होता. मधोमध लांबच्या लांब भेग, बोट जाईल एवढी, तीत सुकी पानं, मुंग्यांची माती, एका उंबराच्या रोपाचं वाळलेलं मूळ. पाणी इथून आत शिरायचं, भिंतीच्या पोटातल्या मातीतून उतरायचं, शिशाच्या मागून जायचं आणि खाली तुळईवर, पुस्तकांवर, साहेबांच्या टेबलावर पडायचं. बघणाऱ्याला वाटायचं, सांधा गळतोय.

सिमेंट त्याने घातलं होतं. तेव्हा सिमेंट म्हणजे अप्रूप. परमिटवर मिळायचं, साहेबांनी खटपट करून आणलेली गोणी उरली होती. मामा म्हणाले होते, तिथे चुना घाल, ही भिंत चुन्यामातीची आहे, तिला घाम येतो, सिमेंट तिच्या अंगाला धरायचं नाही. तो हसला होता. चांगुणा घमेली वर देत होती, तीही हसली होती का? नाही आठवत. घमेली तिनेच दिली एवढं पक्कं आठवतं, कारण हिरव्या बांगड्या सिमेंटने पांढुरक्या झाल्या होत्या आणि ती त्या ओठांनी फुंकत होती.

मग आषाढात खोली गळली. साहेबांनी बोलावून घेतलं. टेबलावर पातेलं ठेवलेलं, टप… टप… आणि साहेब चष्मा हातात धरून उभे. ओरडणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी नुसतं विचारलं, कानिफनाथ, हे कसं झालं? मामांनी मान वर केली. सांध्याकडे नाही — सांध्याच्याही वर, भिंतीच्या माथ्याच्या दिशेने, छताआड जिथे काही दिसणं शक्य नव्हतं तिकडे — आणि तोंड उघडलं. आणि ते बोलायच्या आत मी बोललो.

"मामांना आता दिसत न्हाई नीट, साहेब. मी बगतो काय ते."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही त्यात. कुणी चौकशी केली असती तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की खोटं बोललो नाही. मामांचं तोंड थोडा वेळ तसंच उघडं राहिलं, मग मिटलं. बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि माझ्या हातात ठेवला, दोरी नीट गुंडाळून. रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर आमचं भांडण झालं असतं आणि भांडणात सगळं निघालं असतं. ते दुसऱ्या दिवशी खर्ड्याला गेले आणि परत कुणाच्या कामाला हात लावला नाही. तीन वर्षं नुसते दारात बसून काढली.

घरी चांगुणाला त्याने तेच सांगितलं होतं; ती बापाला आबा म्हणायची. आबांचे डोळे गेले, साहेब नाराज झाले, आबांनीच काम सोडलं. ती रडली ती वेगळ्याच गोष्टीवर. आबा दोन महिने आपल्या घरी जेवत होते, आपण त्यांच्या पुढ्यात ताट ठेवत होतो, आणि आपल्याला कळलं नाही. खर्ड्याला गेली की ती त्यांना हाताला धरून ओढ्यापर्यंत न्यायची, ते हात सोडवून घ्यायचे, म्हणायचे, "दिसतंय गं मला." परत आल्यावर ती रंगनाथला सांगायची, आबा लपवतात. आणि तो, जेवता जेवता, मान हलवायचा.

म्हाताऱ्याला भाऊ नाही, मुलगा नाही. म्हणून सर्वपित्री अमावस्येला चांगुणाच बापाच्या नावानं पान वाढते. गेल्या वर्षी पुरणही नव्हतं. रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरी आणि भोपळा. पान वाढून झालं की ती दर वर्षी एकच वाक्य बोलते, बापाचं डोळं गेलं आन मला कळलं न्हाई, आणि पळी हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहते, त्याच्याकडे बघत. तो घास घ्यायचा थांबतो. ती गेल्यावर पुन्हा जेवू लागतो. अठरा वर्षं… नाही, पंधरा. हिशोब कशाला करायचा.

खाली फावडं थांबलं होतं. चुना तयार झाला असणार. सांध्यापुरताच मळलेला, दोन घमेली.

आता गोष्ट सोपी होती. बाईंकडे सिमेंटची अर्धी गोणी होती; भेगेत सिमेंट भरायचं, वरून हात फिरवायचा, दोन-तीन पावसाळे निघतील. सांधा चुन्याने बंद करायचा. तुकडा भिंतीच्या पलीकडे टाकायचा, तिकडे नुसतं बाभळीचं रान. कुणी काही विचारणार नाही. पण थर काढला आणि माथ्यावर चुना घालायचा म्हटला तर आणखी सहा-सात घमेली लागणार, आणि ती मागावी लागणार, आणि चांगुणा विचारणार कशाला. ती गवंड्याची मुलगी; कुठल्या कामाला किती चुना लागतो ते तिला माझ्या आधीपासून कळतं.

त्याने खिशात हात घालून तुकडा चाचपला. आपला अंगठा ठशात बसवून बघितला. बसला, आणि बाजूला जागा उरली. जोर दिला असता तर चुना भुगा झाला असता. अठरा वर्षांचा असला तरी शेवटी चुनाच. त्याने जोर दिला नाही. हे चांगुलपणाने झालं असं मी म्हणत नाही. हात दमले होते. सव्वा वर्ष फोडत होतो, आणखी काही फोडायचं जीवावर आलं.

तो माथ्यावर चढून बसला, पाय छपराकडे सोडून, आणि छिन्नी थराखाली घातली. थर एवढ्या सहज उठला की त्याला धक्का बसला. अंगाला धरलाच नव्हता. एक ढलपी, दुसरी, १९५५ मधला एक आकडा असलेली तिसरी; त्या घसरत पाट्यांवर जाऊन थांबत होत्या. अर्धी भिंत उघडी झाल्यावर त्याने खाली आवाज दिला. आवाज स्वतःलाच परका वाटला.

"चुना आनखी लागंल."

मग तिचा आवाज, शांत. "सांध्याला एवढा बास हाय की."

त्याने आणखी एक ढलपी उचकटली. शिडी करकरली. आधी घमेलं वर आलं, मग चुंबळ, मग तिचा चेहरा, उन्हाने आणि खडीच्या धुळीने काळवंडलेला. वरच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली. घमेल्यातला चुना तिने छपराच्या कडेच्या फळीवर पालथा केला आणि पाट्यांवर पसरलेल्या करड्या ढलप्या बघितल्या. एक उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. तिला वाचता येत नाही, पण आकडे ओळखते. मग तिची नजर उघड्या सांध्याकडे गेली, शिशाच्या पत्र्याकडे, आणि तिथे बराच वेळ राहिली. रंगनाथला वाटलं, आता खिशातला तुकडा काढावा, तिच्या हातावर ठेवावा. हात उठला नाही.

"कुठनं येत हुतं पानी?" तिने विचारलं.

"वरनं."

ती ढलपीकडे बघत होती. अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली. मग ती बोलली, आणि प्रश्न विचारल्यासारखं नाही, तक्रार केल्यासारखंही नाही.

"आबा म्हनलं हुतं, वर चुना घाला."

एवढं बोलून तिने ढलपी हलकेच होती तिथे ठेवली, रिकामं घमेलं घेतलं आणि खाली उतरली. शिडी पुन्हा करकरली. तो माथ्यावर बसून राहिला.

म्हणजे तिला ते आठवत होतं. आज आठवलं, की कधी विसरलीच नव्हती? त्या उन्हाळ्यात मामा बोलले तेव्हा ती खालीच उभी होती, बांगड्या फुंकत, ऐकत. आणि आषाढात मी घरी जाऊन सांगितलं, डोळे गेले म्हणून, तेव्हा… आणि पळी. पान वाढून झाल्यावर ती पळी घेऊन उभी राहायची, माझ्याकडे बघत, मी घास थांबवायचो, आणि मला वाटायचं ती बापासाठी थांबली आहे. ती कुणासाठी थांबत होती? तेच वाक्य दर वर्षी, शब्द न बदलता, आणि पुढे तेवढी मोकळी जागा… माणूस बोलेल एवढी. पंधरा अमावस्या. का तसं काही नव्हतं, आणि ती नुसतीच एक दुःखी बाई होती, आणि हे सगळं मीच आत्ता रचतो आहे, उन्हात बसून? खाली जाऊन विचारता येईल. विचारायला शब्द तरी कुठला घ्यावा.

त्याने खिशातून तुकडा काढला आणि भिंतीच्या उघड्या माथ्यावर ठेवला, ठसा वर करून. हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. खरं सांगितलं की हलकं वाटतं, असं लोक सांगतात. तसं काही वाटत नव्हतं. नीट बघितलं तर त्याने खरं सांगितलंही नव्हतं, एक शब्द तेवढा बोलला होता, तोही विचारल्यावर. इतकी वर्षं एक ओझं आपण एकटे वाहतो आहोत, असं वाटायचं, आणि त्या एकटेपणाची एक मिजासही होती. तीही आता गेली.

खोलीच्या खिडकीतून दमयंतीबाईंचा आवाज आला. गळती सापडली का, असं त्या विचारत होत्या. चांगुणा काही तरी म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने कान देऊन बघितलं, पण दोघींचं बोलणं तेवढ्यावरच संपलं होतं.

खाली फावडं पुन्हा सुरू झालं. फरशीवर घासल्याचा आवाज, चुना पलटल्याचा जड आवाज, पुन्हा घासल्याचा. नेहमीसारखाच; आणि नेहमीसारखा म्हणजे कसा, हे त्याला आता सांगता आलं नसतं. तो थापी हातात धरून पुढच्या घमेल्याची वाट बघत राहिला.